दात दुखण्याआधी भरून ठेवायचा डबा

घट्ट झाकणाचा एक छोटा डबा घ्या. निखळलेला दात दुधात घालून यातूनच न्यायचा आहे, म्हणून डबा पाण्याने भरून उलटा करा आणि थेंब गळतो का ते आजच बघून ठेवा. मग पुसून त्यात निर्जंतुक गॉझच्या घड्या, हातमोज्यांचा एक जोड, फ्लॉस म्हणजे दातांच्या फटीत फिरवायचा दोरा, लहान टॉर्च आणि पॅरासिटामॉलची पट्टी ठेवा. घरात कुणाच्या दातांना तारा असतील तर त्यांचं मेणही हवं. तार टोचायला लागली की मेणाची गोळी करून टोकावर दाबायची. झाकणाच्या आत एक कागद चिकटवा. त्यावर दातांच्या डॉक्टरांचा नंबर, रात्री उघडं असणारं रुग्णालय, कुणाला कोणतं औषध चालत नाही आणि रक्त पातळ करणारी गोळी कोण घेतं, एवढं लिहा.

सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र फ्रिजमध्ये असते, ती म्हणजे थंड दूध. माझ्या भाच्याचा पुढचा दात खेळताना मुळासकट निखळला, तेव्हा आम्ही तो नळाखाली खसाखसा घासला आणि कोरड्या रुमालात बांधून नेला. मुळावर जिवंत पेशींचा पातळ पापुद्रा असतो, त्याच्याच जोरावर दात पुन्हा हाडाला धरतो, हे आम्हाला डॉक्टरांकडे कळलं. तो पापुद्रा आम्ही आमच्या हातांनी खरवडला होता. म्हणून हे घरातल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा: दात पांढऱ्या बाजूने उचलायचा, मुळाला बोट लावायचं नाही. माती लागली असेल तर दुधात हलकेच बुडवायचा किंवा गार पाण्याच्या बारीक धारेखाली दहा सेकंद धरायचा, बस. माणूस पूर्ण शुद्धीवर असेल तर दात त्याच्या खाचेत हळूच बसवा, वर गॉझ ठेवा आणि चावून धरायला सांगा. धीर होत नसेल तर दात दुधात ठेवा. दूध नसेल तर त्याच माणसाच्या थुंकीत चालेल, पण साध्या पाण्यात नको, त्यात पेशी फुगून फुटतात. अर्ध्या तासात डॉक्टर गाठले तर उत्तम. दात तासभर कोरडा राहिला की त्या पेशी बहुतेक मेलेल्या असतात.

दुधाचा दात पडला तर तो परत बसवू नका, खालच्या कायमच्या दाताच्या कोंबाला इजा होते. सहा-सात वर्षांच्या मुलात गोंधळ होतो खरा. नुकताच आलेला कायमचा पुढचा दात रुंद आणि किंचित पिवळसर असतो, त्याची कडा करवतीसारखी दिसते. शंका असेल तर दुधात ठेवून घेऊन जा.

दाताचा टवका उडाला किंवा कॅप निघाली तर तुकडा जपून ठेवा. घरातला डिंक किंवा झटपट चिकटणारा गोंद तोंडात कधीही घालू नका. दात काढल्यावर रक्त थांबत नसेल तर ओलसर गॉझची जाड घडी जागेवर ठेवून वीस ते तीस मिनिटं सलग चावून धरायची. दर दोन मिनिटांनी उचलून बघितलं की धरलेली गुठळी निघते. सारखं थुंकणंही टाळा.

ठणका लागला तर आधी कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चूळ भरा आणि फ्लॉस फिरवा; कधीकधी अडकलेला कणच कारण असतो. गालावर बाहेरून, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरा, शेक नको. आडवं झाल्यावर ठणका वाढतो, म्हणून उशी उंच घ्या. गोळी गिळायची. ॲस्पिरिन हिरडीवर दाबून ठेवलं तर हिरडी भाजते, आणि मुलांना तर ॲस्पिरिन देऊच नये. लवंगेचं तेल कापसाला जेमतेम लावून फक्त दाताला टेकवा, त्याचा अतिरेकही जाळतो.

सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली गळ्याकडे सरकत असेल, ताप असेल, गिळायला, श्वास घ्यायला किंवा तोंड उघडायला त्रास होत असेल तर घरी एक मिनिटही थांबू नका, थेट रुग्णालय गाठा. डोक्याला मार लागून शुद्ध हरपली किंवा उलट्या झाल्या तरी तेच, दात नंतर.

निघताना दात कधी पडला आणि कोणती गोळी किती वाजता घेतली, ते त्याच कागदावर लिहून सोबत घ्या.