खूप दमलोय, प्रार्थनाही होत नाही, तेव्हा काय करायचं

सासूबाईंना पॅरालिसिसचा अटॅक आला त्याला आता दीड वर्ष होईल, आणि त्यातले पहिले चार महिने माझ्याकडून धड प्रार्थनाच झाली नाही, म्हणजे बसायचे, बायबल उघडायचे आणि डोळे मिटले की सरळ झोप. मग अजूनच अपराधी वाटायचं. आत्ता ज्यांचं असं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी बायबलच्या जुन्या करारातलं 1 राजे हे पुस्तक, अध्याय 19 वाचा, वाचायचंही त्राण नसेल तर मी सांगते. एलीया संदेष्टा, कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या संदेष्ट्यांना एकट्याने हरवून आलेला माणूस, ईजबेल राणीच्या धमकीने जीव घेऊन पळतो, बैर-शेब्याच्या पुढे रानात दिवसभर चालून एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो आता पुरे, माझा प्राण घे. देव त्याला एका शब्दाने रागवत नाही हो! तो झोपून जातो, देवदूत उठवतो तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी, खातो, परत झोपतो, परत देवदूत उठवतो आणि परत खायला लावतो, कारण वाट लांबची आहे. होरेब या देवाच्या डोंगरापर्यंतचा 40 दिवसांचा प्रवास आणि देवाशी बोलणं, सगळं त्यानंतर.

म्हणून पहिलं हेच, जेवलात का ते बघा आणि मिळेल तेव्हा झोपा, त्यात देवाचा अपमान नाही. आणि आठवडेच्या आठवडे थकवा जातच नसेल, रडू येत असेल तर डॉक्टरांकडे जा, प्रार्थना करत करतच जा.

मग बोलायचं, पण थोडकंच आणि खरं खरं. एकदा रात्री एक वाजता दूध उतू गेलं, पूर्ण ओट्यावरून खाली फरशीपर्यंत, फडकं हातात घेऊन मी तिथेच खाली बसले आणि तोंडातून एवढंच निघालं, प्रभू, मला नाही जमत आता. तीच त्या महिन्यातली माझी पहिली खरी प्रार्थना असं मी मानते. बायबलमधलं स्तोत्र 13 बघा, दावीद राजाने पहिल्या दोन वचनांत चार वेळा विचारलंय की कुठवर, देवा, कुठवर. त्याला चालतं तर आपल्यालाही चालतं.

शब्दच सुचत नसतील तर स्तोत्र 23 ची पहिली ओळ घ्या. श्वास घेताना मनात ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’, सोडताना ‘मला काही उणे पडणार नाही’. मी सासूबाईंची कूस बदलताना, बसमध्ये, कुकरची शिट्टी होईपर्यंत, असं कुठेही म्हणते. वेगळा वेळ काढावा लागत नाही.

काळजी देवावर टाकायची म्हणजे नाव घेऊन टाकायची. ‘प्रभू सगळं सांभाळ’ म्हटलं की माझं तरी मन हलकं होत नाही, पण उद्याची फिजिओथेरपीची फी, मुलाचा गणिताचा पेपर, बॉसचा फोन, असं एकेक म्हणून हात उघडे ठेवले की होतं.

आणि माणसं मागा, हे मला सगळ्यात उशिरा कळलं. बायबलच्या गणना या पुस्तकात, अध्याय 11 मध्ये, इस्राएल लोकांचा पुढारी मोशे देवाला स्पष्ट म्हणतो की एवढ्या लोकांचा भार मला एकट्याला झेपत नाही, आणि देव त्याला लोकांमधले 70 वडीलधारे पुढारी जमा करायला सांगतो, भार वाटून घ्यायला. मी वर्षभर कुणाला सांगितलंच नाही, वाटायचं लोक म्हणतील हिचा विश्वास कमी पडतोय. शेवटी उपासनेनंतर आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका ताईंना सांगितलं, फक्त एवढंच की दोन तास कुणी बसेल का सासूबाईंजवळ. आता दर गुरुवारी दुपारी त्या येतात, सासूबाईंना गाणी म्हणून दाखवतात, आणि मी आतल्या खोलीत पंखा लावून झोपते.