हातघडणीची साखळी की मशीनची चेन? या चुका टाळा

चेन तुटली की दोष हमखास मशीनला मिळतो. खरं तर साखळी तुटते ती बारीक तारेमुळे, कच्च्या सांध्यामुळे किंवा झिजेमुळे, मग ती हाताने घडवलेली असो वा मशीनवर. म्हणून सराफाला फक्त 'हातची की मशीनची?' एवढंच विचारणं ही पहिली चूक. कडी भरीव आहे की पोकळ आणि तार किती जाडीची, हे विचारा. 0.8 मिमी तारेचा छेद 0.4 मिमी तारेच्या चौपट भरतो. म्हणजे जाडी निम्मी झाली की ताकद चौथाईवर येते.

दिसायला जाड पण हाताला हलकी लागली, तर चेन बहुधा पोकळ. तांब्याच्या किंवा लोखंडाच्या तारेवर सोन्याचा पातळ पत्रा चढवून कड्या करतात आणि आतली तार आम्लात विरघळवतात. अशी कडी एकदा चेपली की पूर्ववत होणं अवघड. सणावाराला ठीक आहे, पण रोजच्या मंगळसूत्राला किंवा लहान मुलाच्या गळ्यात पोकळ चेन घालू नये.

हातघडणीत जंतरातून (तार बारीक करायच्या भोकांच्या पट्टीतून) ओढलेली तार सळईवर गुंडाळतात, करवतीने कापतात आणि कड्या एकमेकींत ओवून प्रत्येकीला डाख देतात, म्हणजे वितळवलेल्या मिश्रधातूने सांधा जोडतात. त्यामुळे भिंगातून पाहिलं तर सांधे थोडे मागेपुढे असतात, कुठे कानशीची खूणही दिसते. मशीनच्या कड्या हुबेहूब सारख्या असतात. हा फरक दोष नव्हे. दोष शोधायचा तो सांध्यात: तिथे काळी फट दिसली तर डाख पोचलेला नाही. साखळी रेशमी पदरावरून हलकेच ओढा. धागा अडकला तर एखादी कडी उघडी आहे.

सर्वाधिक नुकसान होतं ते दुरुस्तीत. तुटलेली चेन घाईत शिसे-कथलाच्या डाखाने जोडून घेऊ नका. पुढे कोणी त्याच जागी सोन्याचा डाख द्यायला आच लावली की शिसं सोन्यात शिरतं, सोनं ठिसूळ होतं आणि भोकं पडतात. आधी तो डाख पूर्ण खरवडून काढावा लागतो.

पिळाच्या (दोरीसारख्या वळलेल्या) चेनमध्ये वेगळाच घोटाळा होतो. डाख जास्त झाला की तो शेजारच्या कड्यांत झिरपतो आणि चेनचा तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. टाकणखार (डाख नीट वाहावा म्हणून लावायचा क्षार) फक्त सांध्यावर लावावा, डाखाचा तुकडा खसखशीच्या दाण्याएवढा घ्यावा, ज्वाला बारीक ठेवावी. पोकळ कडीला तर मोठी ज्वाला दाखवूच नये, पत्रा वितळून कडी आत खचते. तिथे लेसर वेल्डिंग करून घ्यावं, नाहीतर खराब कडी काढून दोन्ही टोकं छोट्या भरीव कडीने जोडावीत. डाखानंतर चेन साफ करायला सौम्य आम्लात टाकताना लोखंडी चिमटा आत गेला, तर सोन्यावर तांबूस थर बसतो. चिमटा तांब्याचा हवा. पोकळ चेन मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून घ्यावी, नाहीतर आत अडकलेलं आम्ल नंतर पाझरत राहतं.

तुटलेली एकच कडी जोडून समाधान मानू नका. कड्या जिथे एकमेकींवर घासतात तिथे, विशेषतः हूकजवळ, तार झिजते. जाडी निम्म्यावर आलेल्या सगळ्याच कड्या बदला. पेंडंट चेनपेक्षा जड असेल तर ही झीज फार लवकर होते.

'केडीएम' शब्दावर विसंबून घेणंही चूकच. तो कॅडमियमच्या डाखाचा उल्लेख आहे, शुद्धतेची हमी नाही. कॅडमियमचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना घातक असतो. 22 कॅरेटला 916 चा हॉलमार्क आणि 1 एप्रिल 2023 पासून विक्रीला सक्तीचा झालेला सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक) पाहा. तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. चेनवर हा शिक्का बहुधा हूकवर किंवा त्याजवळच्या पट्टीवर असतो. हूक बदलताना ती पट्टी जुन्या सोन्यात जाऊ देऊ नका, ती चेनलाच राहील हे कारागिराला आधी सांगा.