पन्नाशीत मोडीचा कित्ता गिरवताना

मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली, त्या वर्षी मी ५१ वर्षांची होते. पहाटे तीनला झोप मोडायची ती मोडायचीच. अशाच एका पहाटे सासूबाईंची ट्रंक आवरायला काढली. तळाशी सन १८८७चं वाटणीपत्र निघालं, घड्यांवर विरलेलं, सगळं मोडी लिपीत, म्हणजे पूर्वी मराठी ज्या जलद वळणात लिहीत त्यात. घरात कुणालाच अक्षर लागेना. कुणा जाणकाराकडून वाचून घेता आलं असतं, पण मला ते स्वतः वाचायचं होतं. पुष्कळ वर्षांनी काहीतरी फक्त मला हवं होतं.

तुमच्याही घरात असे कागद असतील आणि या वयात जमेल का असं वाटत असेल, तर मी शिकले तसं सांगते.

आधी तास ठरवा. माझा दुपारी २ ते ३. त्या वेळी मी दार उघडणार नाही, चहा करणार नाही, हे घरात स्पष्ट सांगितलं. पहिले आठ दिवस सगळ्यांना अवघड गेलं, मग सवय झाली. ‘कामं उरकली की बसेन’ असं ठरवलंत तर कधीच बसणार नाही, कारण कामं उरकत नाहीत.

मग कित्ता. मोडी डोळ्यांनी शिकता येत नाही, ती हातानेच शिकावी लागते. देवनागरीत आपण अक्षरं लिहून वर रेघ ओढतो. मोडीत उलटं: आधी पानभर आडवी रेघ, मग तिला लटकवल्यासारखी अक्षरं, हात शक्यतो न उचलता. जुने लोक बोरूने, म्हणजे तासलेल्या काडीच्या लेखणीने लिहीत, मी तिरक्या टोकाच्या पेनाने लिहिते. रोज एकाच अक्षराची बाराखडी, दोन पानं. महिनाभर फक्त एवढंच करा. वाचायची घाई केलीत तर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत अडकाल आणि वही मिटाल.

वाचायला घ्याल तेव्हा पेशवाईतली पत्रं नकोत. ती फार जलद हाताने लिहिलेली असतात. इंग्रजी अमदानीतले दस्तऐवज घ्या, खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र. त्यांची भाषा ठरलेली असते. आधी आकडे शोधा, ते देवनागरीच्या जवळचे आहेत. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा. मग ‘मौजे’ (म्हणजे गाव), ‘तालुके’, ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’ हे शब्द हुडका. एवढे सापडले की मधली वाक्यं हळूहळू सुटतात.

खरी अडचण पुढे येते. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. यावर मला एकच उपाय सापडला: मोठ्याने वाचा. डोळ्यांना जी नुसती अक्षरांची माळ दिसते, ती कानाला मराठी ऐकू येते. ‘घराचेउत्तरेकडीलखण’ हे मी तीनदा म्हटलं आणि चौथ्यांदा कळलं की हे घराच्या उत्तरेकडच्या खणांबद्दल, म्हणजे खांबांमधल्या जागांबद्दल आहे.

एक चूक मात्र करू नका. मी विरलेल्या घडीला सेलोटेप लावली. काही महिन्यांनी ती सोडवायला गेले तर अर्धी ओळ टेपेबरोबर निघून आली. ती ओळ आता कुणालाच वाचता येणार नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. टेप नको, लॅमिनेशन नको. मोबाइलवर उजेडात फोटो काढा, फोटोवरून वाचा आणि मूळ कागद सुती कापडात ठेवा.

वर्गाला जरूर जा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० साली स्थापन झालेलं. अशा संस्थांतून मोडीचे वर्ग होतात. २०२३मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना गावोगाव मागणी आली, त्यामुळे पुढे कामही मिळू शकतं. पण सुरुवात कामासाठी करू नका, आपल्या घरच्या कागदासाठी करा. तो ओढून नेतो.

ती गेलेली अर्धी ओळ सोडून मला आमचं वाटणीपत्र पुरतं लागायला चौदा महिने लागले. त्यात सासऱ्यांच्या आजीला, नवरा वारलेला म्हणून, अन्नवस्त्र आणि मागल्या पडवीतली एक खोली लिहून दिलेली आहे. घरात तिला सगळे ‘थोरली’ म्हणायचे, नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. पुरुषांच्या सह्यांखाली, शेवटच्या ओळीत, ते नाव होतं. पुढे दोन शब्द: ‘निशाणी बांगडी’. लिहिता न येणाऱ्या बाईची खूण म्हणून कारकुनाने तिथे एक लहानसं वर्तुळ काढलं होतं. हातातल्या बांगड्या तर तिच्या तोवर फुटलेल्या होत्या. मी ते नाव मोडीत वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, आधी रेघ ओढून.