लायब्ररीतून जुन्या पायथॉनचा सपोर्ट कधी काढायचा

हिशोब सोपा आहे भाऊ, पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रत्येक व्हर्जनला साधारण ५ वर्षं सपोर्ट असतो, ३.९ ऑक्टोबर २०२० ला आलं न् ऑक्टोबर २०२५ ला संपलं, आता सिक्युरिटी फिक्सही येत नाही, मग आपण आपल्या लायब्ररीत (इतरांनी वापरायच्या तयार कोडमध्ये) त्याला किती दिवस ओढायचं? पण नुसती तारीख पाहून कापू नका. आधी लायब्ररी कोणत्या पायथॉन व्हर्जनवर किती डाउनलोड होते ते बघा. इथे सीताबर्डीत एका दुकानाच्या बिलिंग मशीनवर मी स्वतः ३.९ पाहिलंय, त्याचं काम अडायला नको. म्हणून पायप्रोजेक्ट फाइलमध्ये (pyproject.toml, लायब्ररीची माहिती लिहायची फाइल) रिक्वायर्स-पायथॉन समोर ३.१० किंवा पुढचं असं नक्की लिहा, मग जुन्या मशीनवर पिप (पायथॉनचा इन्स्टॉलर) आपोआप शेवटची चालणारी रिलीज उचलतो. हे विसरलात तर इन्स्टॉल नीट होतं अन् कोडमध्ये ३.१० पासूनचं मॅच वापरलं असेल तर इम्पोर्ट करताच त्या ओळीवर सिंटॅक्स एरर. पॅच रिलीजमध्ये (नुसत्या छोट्या दुरुस्त्यांच्या रिलीजमध्ये) मात्र सपोर्ट कधीच काढू नका.