जुने स्पीकर घरी दुरुस्त करताय? या चुका टाळा

गणपतीच्या आधी महिनाभर माझ्याकडे फोन यायला लागतात. "काका, बाबांचे जुने स्पीकर माळ्यावरून काढलेत, आवाज फाटतोय, काय करू?" मी विचारतो, आतापर्यंत काय काय केलंस? पलीकडे जरा वेळ शांतता. मग हळूहळू बाहेर पडतं की करू नये ते सगळं करून झालंय.

डोंबिवलीत आमच्या मागच्या बाल्कनीत मी हा उद्योग बरीच वर्षं करतोय, नोकरी सांभाळून आणि पैसे न घेता (याबद्दल घरात वेगळं मत आहे). येणाऱ्या जोड्या बहुतेक सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या. रत्नागिरी-चिपळूणकडची माणसं आखातात नोकरीला गेली आणि येताना घेऊन आली, त्यातल्या काही. काही पुण्याच्या जुन्या बाजारातून, घासाघीस करून आणलेल्या. म्हातारपणाने गेलेले स्पीकर मी फार थोडे पाहिले. बाकीचे दुरुस्तीतच गेले.

कडेची रिंग: घाई करणाऱ्यांचं स्मशान

वूफर म्हणजे खालचे जाड सूर वाजवणारा मोठा स्पीकर. त्याच्या कोनाभोवती, म्हणजे समोरच्या शंकूसारख्या पडद्याभोवती, मऊ गोल रिंग असते. ती फोमची असेल तर पंधरा-वीस वर्षांत तिचं पीठ होतं. हा पॉलियुरेथेन फोम हवेतल्या बाष्पाने आतून तुटत जातो, त्यामुळे आपल्या दमट हवेत कपाटात नुसता ठेवलेला स्पीकरही सुटत नाही. बोट लावलं की काळा भुगा पडतो, किंवा जुन्या गुळासारखं चिकट काहीतरी बोटाला लागतं.

इथे पहिली चूक म्हणजे रिंग कसली आहे हे न बघताच ती ओरबाडून काढणं. सगळ्याच रिंगा फोमच्या नसतात. रबराच्या असतात, कापडाच्याही असतात. कापडाच्या रिंगेवर काळसर चिकट लेप दिलेला असतो. तो बघून एका गृहस्थांना वाटलं, हीपण सडली. चांगली धडधाकट रिंग ब्लेडने कापून, कोन पिशवीत घालून ते माझ्याकडे आले. मी त्यांना चहा दिला. दुसरं काय देणार?

आता माझी स्वतःची गोष्ट. माझे मामा 1981 साली कुवेतहून परत आले तेव्हा त्यांनी दहा इंची वूफरची एक जोडी आणली होती. मामा गेल्यावर मामीने ती मला दिली. दोन्ही रिंगांचा भुगा झालेला. मी तेव्हा नवशिकाच. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून नव्या रिंगा आणल्या आणि चपला-सोफ्याला वापरतात तो पिवळा रबरी गोंद घेतला. पटकन धरतो, हा त्याचा गुण. इथे तोच अवगुण.

का, ते नीट समजून घ्या. कोनाच्या मागे तारेची बारीक कॉइल असते. ती लोहचुंबकाच्या एका अरुंद फटीत वरखाली होते. दोन्ही बाजूंना मोकळी जागा असते ती पाव-अर्धा मिलिमीटर, म्हणजे नखाच्या जाडीएवढी. रिंग चिकटवताना कोन केसभर जरी सरकला तरी कॉइल भिंतीला घासते. म्हणून गोंद असा हवा की रिंग बसवल्यावर पाच-दहा मिनिटं ती इकडे-तिकडे सरकवता यावी. माझा गोंद टेकताक्षणी धरून बसला. मी वरून दाबत होतो आणि खूश होतो.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड लावली. गाणं ठीक, तंबोरा ठीक. तबला सुरू झाला आणि डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्यामागे खर्रर्र, खर्रर्र. कोणीतरी आत बसून पॉलिश पेपर घासतंय असं.

इथपर्यंत गेलेलं परत आणता आलं असतं. पण मी घाबरलो आणि थिनरची बाटली काढली. रिंग सुटावी म्हणून कडेने थिनर सोडला. तो कोनावरून ओघळत मध्यभागी गेला आणि कॉइल ज्या गोंदाने कोनाला जोडलेली असते, तोच त्याने विरघळवला. रिंग तशीच घट्ट, आणि कॉइल सुटून चुंबकात पडलेली. एक वूफर गेला. दुसरा मी आठ महिने उघडला नाही, हिंमतच होईना.

तेव्हापासूनची माझी सवय सांगतो. शास्त्र म्हणून नका घेऊ, पण तिने मला दगा दिलेला नाही. कागदी कोन असेल तर साधा पांढरा फेव्हिकॉल, पातळ थर. (प्लास्टिकच्या, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या कोनाला तो धरत नाही, त्याला वेगळा गोंद लागतो.) जुना गोंद काढायला थिनर नाही. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावायचं, मऊ होऊ द्यायचं, आणि बोथट सुरीने खरवडत बसायचं. एका वूफरला दीड-दोन तास जातात. जाऊ देत. आधी रिंग फक्त कोनाला चिकटवायची आणि रात्रभर ठेवायची. बाहेरची कड दुसऱ्या दिवशी. बाहेरची कड ओली असतानाच ॲम्प्लिफायरमधून अगदी कमी आवाजात तीस हर्ट्झचा सूर सोडायचा. मोबाइलवर असा सूर देणारी ॲप मिळतात. कोन डुलत राहतो, कान जवळ नेला की घासतोय का ते कळतं, आणि जिथे घासतो तिथे रिंग दोन बोटांनी किंचित सरकवता येते. कोनाच्या मधोमध कॉइल झाकणारी टोपी कापून कॉइलभोवती एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या घालणारे लोक आहेत. ती पद्धत चुकीची नाही, जास्त खात्रीचीच आहे. पण नवी टोपी मिळवणं आणि नीट बसवणं हे वेगळं प्रकरण, म्हणून मी टाळतो.

आषाढात मी वूफर घेत नाही. गोंद वाळतच नाही.

आणि हो, रिंग मागवताना "दहा इंची द्या" एवढं सांगून चालत नाही. कोनाचा व्यास, सांगाड्याच्या आतल्या-बाहेरच्या कडा, सगळं मोजून लिहून न्या. दहा इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या रिंगांत पाच-सहा मिलिमीटरचा फरक सहज निघतो, आणि मग लोक ती ताणून बसवतात.

एवढी कटकट नको म्हणून काही जण वूफर थेट दुकानात देतात, "नवा कोन टाकून द्या" म्हणून. ज्या दुकानाचं पोट मांडवातल्या स्पीकरवर चालतं तिथे कोनही मांडवातलाच मिळतो: जाड कागद, कापडाची कडक रिंग. मिरवणुकीला उत्तम. पण घरच्या पेटीतला वूफर मऊ रिंगेवर डुलण्यासाठी बनवलेला असतो, त्याला हा कोन बसला की खालचा खर्ज संपला. माझ्याकडे आलेल्या एका जोडीत एक कोन मूळचा होता आणि दुसरा असा. मालक दोन वर्षं ॲम्प्लिफायरचा बॅलन्स फिरवत बसले होते.

कंडेन्सर: एका टिंबाची गोष्ट

दुसरी चूक जरा शिकलेल्यांची. पेटी उघडली, आत क्रॉसओव्हरचा, म्हणजे खालचे सूर वूफरला आणि वरचे बारीक सूर छोट्या ट्वीटरला वाटून देणारा, छोटा बोर्ड दिसला की यांचे हात शिवशिवतात. कुठेतरी वाचलेलं असतं की जुने कंडेन्सर बदलायचेच. बरोबर आहे, इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर चाळीस वर्षांत बिघडतात. पण काय काढलं आणि काय लावलं याचा हिशोब कोण ठेवणार?

आमच्या सोसायटीतला एक मुलगा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हुशार आहे. त्याने ट्वीटरच्या वाटेवरचा कंडेन्सर बदलला. जुन्यावर 4.7 मायक्रोफॅरड लिहिलेलं होतं. मधलं टिंब सुकलेल्या गोंदाखाली गेलेलं. त्याने वाचलं 47, आणि 47 चा आणून लावला. वर म्हणतो, "काका, मोठा चांगलाच ना?"

हिशोब करून बघा. आठ ओहमच्या ट्वीटरला 4.7 चा कंडेन्सर साधारण 4,200 हर्ट्झच्या खालचे सूर अडवतो. 47 चा लावलात की ती सीमा 420 वर येते. म्हणजे ज्या ट्वीटरने फक्त झांजा आणि टाळ वाजवायचे, त्याच्या गळ्यात अर्धी हार्मोनियम आणि गायकाचा बराचसा आवाज. ट्वीटरची कॉइल केसाएवढ्या तारेची असते. त्या मुलाच्या म्हणण्यानुसार दोन गाणी "एकदम क्लिअर" वाजली. तिसऱ्यात वास आला. तो वास एकदा घेतला की विसरत नाही, जळक्या वार्निशसारखा. तसा ट्वीटर आज बाजारात नाही. आता दोन्ही पेट्यांत वेगळेच ट्वीटर बसवलेत आणि तो म्हणतो की फरक कळत नाही. मी काही बोललो नाही.

यातलंच आणखी एक. क्रॉसओव्हरमध्ये कंडेन्सर नॉन-पोलर लागतो, ज्यावर एनपी किंवा बीपी लिहिलेलं असतं. रेडिओतला अधिक-उणे खूण असलेला साधा इलेक्ट्रोलिटिक इथे चालत नाही, कारण इथून जाणारा प्रवाह सतत दिशा बदलतो. आणि जुना इलेक्ट्रोलिटिक काढून तिथे महागडा फिल्म कंडेन्सर लावलात आणि आवाज कानाला टोचायला लागला, तर दोष कानाचा नाही. जुन्या कंडेन्सरला स्वतःचा थोडा अडथळा असतो, नव्याला जवळजवळ नसतो, त्यामुळे ट्वीटर थोडा मोठा बोलतो. मी अर्धा ते एक ओहमचा रेझिस्टर त्याच वाटेवर टाकतो आणि ऐकून ठरवतो. कंडेन्सरवर तीन हजार खर्च केलेल्या माणसाला दहा रुपयांचा रेझिस्टर सुचवला की राग येतो, हा माझा अनुभव.

आता बाकीच्या, भरभर

मल्टिमीटर लावून "आठ ओहमचा स्पीकर सहाच दाखवतोय, गेला" असं म्हणू नका. तसाच दाखवतो.

दोन्ही पेट्या एकाच वेळी उघडू नका. एक तशीच ठेवा. तारांचे फोटो काढलेले असतात, पण ते नेमके अंधुक येतात.

अधिक-उणे तपासायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल वूफरला क्षणभर टेकवा, दोन्ही कोन एकाच दिशेला उचलले पाहिजेत. जेबीएल कंपनीचे जुने स्पीकर उलटे असतात, लाल टोकाला अधिक दिलं की कोन आत जातो. ते बिघडलेले नाहीत, तशीच त्यांची पद्धत होती. आणि हा सेल ट्वीटरला लावायचा नाही.

चुंबक उघडू नका. विशेषतः जुना अल्निको, म्हणजे ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचा. लोखंडी सांगाड्यातून बाहेर काढला की त्याचा जोर उतरतो आणि परत बसवून येत नाही. स्क्रू काढताना पेचकस हातात घट्ट धरा, चुंबक तो ओढून कोनातून आरपार नेतो. बाल्कनीत त्या दिवशी खिळे-ग्रिलचं काम झालं असेल तर स्पीकर तिथे उघडूच नका, लोखंडाचा कीस फटीत शिरतो.

ट्वीटरचा आत दबलेला घुमट व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका. चिकटपट्टीने, हळू.

आतला कापूस किंवा काचलोकर "घाण" म्हणून फेकू नका. हातमोजे-मास्क घालून काढा, पिशवीवर डावी-उजवी लिहा, तेवढाच परत भरा. कापसाखाली खरी घाण निघते ती वेगळी. एकदा मागच्या भोकाच्या नळीत कुंभारमाशीचं मातीचं घर निघालं होतं, चांगलं तीन खोल्यांचं.

पेटी बंद प्रकारची असेल, म्हणजे भोक नसलेली, तर ती हवाबंदच राहिली पाहिजे. एडगर विल्चर या अमेरिकन संशोधकाने 1954 साली एआर-1 हा स्पीकर काढला तो याच कल्पनेवर: आत कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करते. लोक मागे नवी टर्मिनल बसवायला भोकं पाडतात आणि तशीच ठेवतात. माझी परीक्षा सोपी आहे. वूफर सगळ्या बोटांनी सारखा, हलकेच आत दाबा आणि सोडा. तो रेंगाळत वर आला तर पेटी ठीक. टुणकन आला तर कुठून तरी हवा जातेय.

व्हिनियर. याचा मला सर्वात जास्त राग येतो, पण सांगण्यासारखं थोडंच आहे. वरचा सागवानी किंवा अक्रोडाचा थर जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर असतो. त्यावर सँडरचं मशीन फिरवलं की दोन मिनिटांत खालचा भुशाचा बोर्ड दिसतो. आणि ओल्या फडक्याने पुसलं की तो बोर्ड कडेने पावासारखा फुगतो. कोरडं फडकं, मग थोडं जवसाचं तेल, मग पुन्हा कोरडं फडकं. तेलाने भिजलेलं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा.

नवी रिंग बसवली की पहिले चार-पाच दिवस हळू आवाजात वाजवा. परवाच एकाची जोडी तयार करून दिली. घरी पोचायच्या आतच त्याचा रिक्षातून फोन: "काका, फुल आवाज कधीपासून करू?" मामांचा तो दुसरा वूफर मी शेवटी बरा केला. पेटीत आज तो एकटाच आहे, मी मोनो रेकॉर्डी त्याच्यावरच लावतो.