मूल झोपेत किंचाळून उठतं? या चुका टाळा

रात्री साडेदहा-अकराचा सुमार. लेकरू ताडकन उठून बसतं. डोळे टक्क उघडे, अंग घामानं भिजलेलं, छाती धडधडतेय आणि घसा फुटेस्तोवर ओरडणं चालू. आई जवळ घ्यायला जाते तर तिलाच ढकलतं, आणि तिच्याच मांडीत बसून ‘आई पाहिजे, आई पाहिजे’ म्हणून रडतं. घरातले सगळे दिवे लागतात, वरच्या मजल्यावरून काका-काकू खाली येतात. दहा-पंधरा मिनिटांनी लेकरू आपसूक आडवं होतं आणि गाढ झोपतं. मोठी माणसं मात्र पहाटेपर्यंत जागी.

डॉक्टर याला नाइट टेरर म्हणतात. ३ ते ७ या वयात हा प्रकार जास्त दिसतो, काही मुलांना दीड-दोन वर्षांपासूनही होतो. झोप लागल्यावर पहिल्या एक ते तीन तासांत, झोप सगळ्यात गाढ असताना, मेंदू अर्धवट जागा होतो. ओरडायला-पळायला लावणारा भाग उठलेला असतो. माणसं ओळखणारा, लक्षात ठेवणारा भाग झोपलेलाच. म्हणून ते तुमच्याकडे बघतं, पण तुम्हाला ओळखत नाही. बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं, तरी बहुतेक मुलांना यातून अपाय होत नाही आणि वाढत्या वयाबरोबर हे थांबतं. गडबड आपली असते. त्या दहा मिनिटांत आपण नको तेवढं करतो, आणि ज्याचा खरा उपयोग होतो ते संध्याकाळी करायचं राहून जातं.

वाईट स्वप्न ही वेगळी गोष्ट. ते बहुतेक वेळा उत्तररात्री, पहाटेकडे पडतं. मूल पूर्ण जागं होतं, बिलगतं, ‘कुत्रा मागं लागला होता’ असं सांगतंही. त्याला कुशीत घ्या, बोला, पाणी द्या. नाइट टेररला हेच उपाय लावले की मात्र पंचाईत होते.

गदागदा हलवून उठवणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. दंड धरून हलवायचं, गालावर चापट्या, तोंडावर पाण्याचा हबका, ‘अगं उठ की, बघ की इकडं!’ अर्धवट जागं झालेलं मूल आणखी बिथरतं, हातपाय झाडतं आणि पाच मिनिटांत संपणारा प्रकार लांबतो. घट्ट मिठी मारून जखडून ठेवणंही नको.

मग करायचं काय? जवळ बसा. पडणार नाही, आपटणार नाही एवढं बघा. मोठा दिवा लावू नका, टीव्ही चालू असेल तर बंद करा, बाकीच्यांना आपापल्या खोलीत पाठवा. उठून चालायला लागलं तर खांद्याला हलकेच हात लावून गादीकडे वळवा. बोलायचंच असेल तर हळू आवाजात एकच वाक्य, ‘मी इथंच आहे.’ प्रश्न विचारू नका. काहीही न करता बसणं आईबापांना फार जड जातं, पण त्या वेळी तेच काम आहे.

कांदा, चप्पल आणि जायफळ

फिट आली असं समजून नाकाला कांदा किंवा चप्पल लावणारी घरं आजही आहेत. खऱ्या फिटमध्येही त्याचा उपयोग नसतो. त्याहून धोक्याचं म्हणजे तोंडात पाणी किंवा दूध घालणं. शुद्धीवर नसलेल्या लेकराच्या घशातून ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तोंडात काहीही घालायचं नाही.

दुसरी खोड ‘शांत झोपू दे’ म्हणून जायफळ उगाळून देण्याची किंवा सर्दी-खोकल्याचं औषध पाजण्याची. जायफळ प्रमाणाबाहेर गेलं तर विषबाधा होते, आणि चार वर्षांच्या पोरासाठी सहाणेवर किती वळसे म्हणजे प्रमाणात, हे कोण ठरवणार? सर्दीचं औषध झोपेचं औषध नव्हे. नाइट टेररसाठी गोळ्या-औषधांची गरज क्वचितच लागते, आणि लागली तर ती डॉक्टरांनी द्यायची.

दृष्ट काढायची की नाही?

आजी म्हणणारच, ‘लेकरू भ्यालंय, दिष्ट लागली.’ यावरून घरात भांडण पेटवू नका. मीठ-मोहरी संध्याकाळी शांतपणे ओवाळली तर कुणाचं काही बिघडत नाही. फक्त ओरडणं चालू असताना मिरच्यांचा धूर करायचा नाही, आणि मुलाच्या देखत ‘बाहेरचं काहीतरी आहे’ हा विषय काढायचा नाही. त्याला रात्रीचं काही आठवत नसतं. ही भीती आपण त्याच्या डोक्यात नव्यानं घालतो.

आजीला उलट एक प्रश्न जरूर विचारा: ‘ह्याचे बाबा लहानपणी कसे झोपायचे?’ ‘तो तर झोपेत उठून मोरीकडं चालायला लागायचा’ असं उत्तर बऱ्याचदा निघतं. नाइट टेरर आणि झोपेत चालणं घराण्यात चालत येतं. डॉक्टरांना ही माहिती लागते, आणि ती फक्त आजीकडेच असते.

खरी चूक संध्याकाळी होते

अपुरी झोप हे सगळ्यात नेहमीचं कारण. थकलेलं मूल जास्त गाढ झोपतं, आणि त्या गाढ झोपेतूनच हे अर्धवट उठणं होतं. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते. आता आपल्याकडचा हिशेब मांडा. बाबांचं सोलापुरात नवी पेठेत दुकान, शटर ओढून घरी यायला दहा. ‘पप्पांना भेटूनच झोपते’ म्हणून पोरगी जागी. जेवण, मग मोबाइलवर कार्टून, मग झोप अकराला. सकाळी साडेसहाला उठवायचं, कारण सातला शाळेची रिक्षा. साडेसात तास झाले. शाळा सुरू झाल्यापासून दुपारची झोपही बंद. एवढा खड्डा रोज पडत असेल तर मुलीला काय झालंय हे शोधायला लांब जायला नको.

झोपायची वेळ आधी अर्ध्या तासानं अलीकडे आणा, आठवड्याभरानं आणखी अर्ध्या तासानं. मुलांचं जेवण साडेसात-आठला वेगळं वाढा. बाबांची भेट सकाळी, शाळेला निघताना. काही घरांना हे पटत नाही, ‘दिवसभरात तेवढाच वेळ मिळतो’ म्हणतात. तेही खरंच आहे, पण दोन आठवडे करून बघा. झोपण्याआधी तासभर मोबाइल नाही, बशीतला चहा नाही, आणि गादीवर जाण्यापूर्वी शू. भरलेल्या मूत्राशयानंही झोप अशी चाळवते.

सोलापुरात याचा एक ठरलेला हंगामही असतो, संक्रांतीचा. सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर गड्डा, म्हणजे जत्रा, भरते. लेकराला दुपारी झोपवलेलं नसतं, संध्याकाळभर पाळणे, भोंगे, धूळ, गर्दी. शोभेच्या दारूकामाच्या दिवशी तर कानठळ्या बसतात, आणि घरी यायला अकरा. अशा रात्री नाइट टेरर होणारं मूल पुन्हा किंचाळून उठलं तर नवल नाही. गड्ड्याला न्यायचं नाही असं कोण म्हणेल! दुपारी दोन तास झोपवून न्या, आठपर्यंत परत आणा आणि दुसऱ्या दिवशी लवकर झोपवा. मे महिन्यातल्या लग्नांनाही हेच. ताप, नवीन घर, आई बाळंतपणाला माहेरी गेलेली, अशा दिवसांतही प्रमाण वाढतं.

एवढं करूनही थांबलं नाही तर वहीत वेळ लिहायला लागा: किती वाजता झोपलं, किती वाजता ओरडलं. आठवडाभरात बऱ्याचदा वेळ ठरलेली दिसते. समजा, रोज साडेदहा. मग सव्वादहाच्या आसपास त्याच्या पाठीवरून हात फिरवून हलकंसं चाळवायचं. कूस बदललं, ‘हूं’ म्हणालं की पुरे, पुन्हा झोपू द्यायचं. हे रोज, दोन ते चार आठवडे. गाढ झोपेची ती लय मध्येच मोडते आणि बऱ्याच मुलांचा त्रास थांबतो. एक दिवस केलं, दोन दिवस विसरलं, असं करून उपयोग नाही.

गच्चीवर झोपताना

पारा ४२-४३ वर गेला की अख्खं घर गच्चीवर जातं. नाइट टेरर होणारं मूल झोपेत पळू शकतं, म्हणून त्याला कठड्याकडेला झोपवू नका, दोन मोठ्या माणसांच्या मध्ये घ्या. जिन्याच्या दाराला वरची कडी लावा. कठडा बुटका असेल तर त्या वर्षी खालीच झोपा, कूलर लावून, पण त्याची वायर गादीजवळ नको. उशाशी स्टीलचा तांब्या, कोपऱ्याला पत्र्याची पेटी, हेही हलवा. जमिनीवर गादी घालून झोपायची आपली पद्धत इथं पलंगापेक्षा चांगली. घामाघूम होणाऱ्या मुलाला जाड सोलापुरी चादरीत गुंडाळायचीही गरज नाही.

सकाळी उलटतपासणी नको

‘रात्री काय झालं होतं रे तुला?’ त्याला ठाऊकच नसतं, तो बावरतो. पाहुण्यांसमोर नक्कल करून दाखवणं, व्हिडिओ घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं, हे तर अजिबात नको. आणि ‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल’ ही धमकी आता बंद.

डॉक्टरांकडे कधी?

एका रात्रीत अनेकदा होतंय, दर वेळी अगदी तसंच आणि मिनिटभरात संपतंय, अंग ताठ होतंय, एका बाजूचे हातपाय झटके देतायत, जीभ चावली जातेय, तोंडाला फेस येतोय: अशा वेळी फिटची शंका घेऊन लगेच दाखवा. घोरणं, तोंडानं श्वास घेणं, झोपेत मध्येच श्वास अडकणं असेल तर टॉन्सिल आणि अॅडेनॉइड (नाकामागच्या गाठी) तपासून घ्यावे लागतात. तो अडथळा दूर झाल्यावर नाइट टेररही थांबल्याचं दिसतं. आठवड्यातून अनेकदा होत असेल, इजा झाली असेल, दिवसा मूल पेंगत असेल, तरीही जा.

खासगी बालरोगतज्ज्ञ असोत की सिव्हिलची ओपीडी, जाताना ती वेळेची वही आणि मोबाइलवर घेतलेला एखादा व्हिडिओ न्या. त्यात चेहरा आणि हातपाय दोन्ही दिसू द्या, आणि जमलं तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत घ्या. व्हिडिओ काढणारा माणूस वेगळा, मुलाजवळ बसणारा वेगळा.