पहिलं डाइव्ह घड्याळ: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

तारकर्ली-मालवणला एकदाच पाण्याखाली जाऊन मासे बघायचे असतील, तर घड्याळाच्या भानगडीत पडूच नका. त्या डाइव्हमध्ये प्रशिक्षक तुम्हाला धरून असतो, खोली आणि वेळ तोच बघतो. हातातलं नेहमीचं घड्याळ काढून हॉटेलच्या खोलीत ठेवा. ओपन वॉटर कोर्स (स्कूबा डाइव्हिंगचा पहिला कोर्स) करून पुढेही डाइव्ह करत राहणार असाल, तरच पुढचं वाचा.

आधी बजेटचं बोलू. घड्याळ फक्त वेळ सांगतं. शरीरात किती नायट्रोजन साठला (तो जास्त झाला तर वर येताना धोका असतो), हे त्याला कळत नाही. तो हिशेब डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजणारं छोटं यंत्र, ठेवतो. पॅडी (PADI) या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यानुसार पहिल्या डाइव्हला 18 मीटरवर 56 मिनिटं थांबता येतं, 30 मीटरवर जेमतेम 20. कॉम्प्युटर हा आकडा खोलीप्रमाणे सतत बदलून दाखवतो. म्हणून पैसे मोजके असतील तर ते कॉम्प्युटरसाठी ठेवा, तोवर सेंटरकडून भाड्याने घ्या, आणि घड्याळ स्वस्तातलं घ्या. ते हवं कशाला? कॉम्प्युटर मध्येच बंद पडला तर डाइव्ह तिथेच संपवून सावकाश वर यायचं, 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. ती तीन मिनिटं मोजायला मनगटावर काहीतरी लागतं.

आता आकड्यांचं. डायलवर 50 मीटर लिहिलेलं घड्याळ 50 मीटर खोल नेता येत नाही, ते पोहण्यापुरतं. डाइव्हिंगसाठी किमान 200 मीटरचं बघा. नुसतं ‘वॉटर रेझिस्ट’ आणि ‘डायव्हर्स 200’ यांत फरक आहे. ‘डायव्हर्स’ हा शिक्का आयएसओ 6425 या आंतरराष्ट्रीय मानकाचा. त्यात 200 मीटरच्या घड्याळावर 250 मीटरइतका दाब देऊन तपासणी होते, शिवाय अंधारात 25 सेंटीमीटरवरून वेळ वाचता यावी लागते. हात हलवला की दाब प्रचंड वाढतो, म्हणून 200 मीटर लागतात, असं बरेचजण सांगतात. त्यात दम नाही. पाण्यात हात सेकंदाला दोन मीटर वेगाने फिरवला तरी वाढणारा दाब वीसेक सेंटीमीटर पाण्याइतकाच असतो. पाणी शिरतं ते जुन्या गॅस्केटमुळे (सांधे बंद ठेवणारी रबरी रिंग) किंवा उघड्या राहिलेल्या चावीमुळे (वेळ लावायची बाजूची कळ).

त्यामुळे दुकानात सगळ्यात आधी चावी बघा. ती आट्यांवर फिरवून बंद होणारी हवी. लावताना आधी हलकेच उलटी फिरवायची. आटे बसल्याची बारीक टिचकी जाणवली की मग सुलटी. घाईत थेट सुलटी दाबून फिरवली की आटे चढतात आणि मग ती नीट बसतच नाही. पाण्याखाली चावीला हात लावायचा नाही.

मग बेझेल, म्हणजे काचेभोवतीचं फिरतं कडं. ते फक्त डावीकडे, म्हणजे काट्यांच्या उलट दिशेने, फिरलं पाहिजे. खाली उतरायला सुरुवात करताना त्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणला की काटा पुढे सरकत किती मिनिटं झाली ते दाखवतो. टँकला किंवा बोटीच्या शिडीला धक्का लागून कडं सरकलं, तरी झालेला वेळ जास्तच दिसतो आणि तुम्ही लवकर वर येता. दोन्हीकडे फिरणारं कडं नेमकं उलट घोटाळा करू शकतं. बोटं ओली करून फिरवून बघा; सुळसुळीत असेल तर पाण्यात पकड मिळणार नाही.

पट्ट्याकडे कोणी लक्ष देत नाही आणि तिथेच फसगत होते. वेटसूटचं (डाइव्हचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख) निओप्रीन, म्हणजे स्पंजसारखं रबर, खोलीवर दबून पातळ होतं. बोटीवर घट्ट बांधलेलं घड्याळ 15 मीटरवर मनगटाभोवती फिरायला लागतं. लाटांसारख्या घड्या असलेला रबरी पट्टा थोडा ताणून बांधता येतो, तो बराच बरा. नायलॉनचा अखंड पट्टा असेल तर एक पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लटकून राहतं. सूटवरून बांधायला पुरेल एवढी लांबी आहे ना, ते सूट घालूनच तपासा.

कॅसिओचं ड्युरो दहा हजारांच्या आत मिळतं: क्वार्ट्झ (सेलवर चालणारं), 200 मीटर, आट्यांची चावी, एकाच दिशेने फिरणारं कडं. त्यावर ‘डायव्हर्स’चा शिक्का नाही आणि मूळ पट्टा सूटवर आखूड पडतो, पण नवशिक्याला ते पुरतं. हात थोडा सैल सोडता येत असेल तर सिटिझन प्रोमास्टरचं बीएन0150. त्यावर शिक्काही आहे आणि उजेडावर चालत असल्यामुळे सेल बदलण्यासाठी झाकण उघडावं लागत नाही. सेइको 5 स्पोर्ट्सच्या एसआरपीडी मालिकेपासून मात्र सावध. दिसायला अस्सल डाइव्ह घड्याळ, पण पाणीरोधकता 100 मीटरची आणि चावीला आटे नाहीत. एरवी वापरायला छान, पण टँक पाठीवर असताना नको. काळ्या पडद्यावर पांढरे आकडे दाखवणारी डिजिटल घड्याळंही टाळा. गढूळ पाण्यात ती वाचता येत नाहीत.

डाइव्ह झाल्यावर चावी बंद आहे याची खात्री करून घड्याळ दहा मिनिटं गोड्या पाण्यात बुडवा आणि त्याच पाण्यात कडं दोन-तीन वेळा पूर्ण फिरवा, नाहीतर खाली मीठ-वाळू साचून ते जाम होतं. गरम शॉवरखाली किंवा स्टीममध्ये घालू नका; उष्णतेने रबर लवकर मरतं. सेल बदलायचा झाला तर नाक्यावर झाकण उघडून घेऊ नका. नवं गॅस्केट, त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात आणि नंतर दाबाची चाचणी, हे तिन्ही करून देणारं सर्व्हिस सेंटरच गाठा.